ताकातलं औषध

तिशीला टेकले होते तेव्हा माझी खात्री पटली की आई माझ्या जेवणात काहीतरी कालवते. बडोद्यात, गोत्रीच्या फ्लॅटमध्ये आम्ही दोघीच राहत होतो. बाबा जाऊन वर्ष उलटलं होतं आणि धाकटा भाऊ नोकरीसाठी बंगळूरला गेला होता. मी जवळच्या पादरा गावातल्या एका औषध कंपनीत, प्रयोगशाळेत, गोळ्या तपासायचं काम करायची. गोळीत जे असायला हवं ते आहे ना आणि जे नको ते नाही ना, हे बघायचं. त्या दिवसांत कंपनीच्या बसमधल्या बायकांच्या गप्पांत मला माझं नाव ऐकू यायला लागलं. मग बसमध्ये नसतानाही ऐकू यायला लागलं. न्हाणीघरात, पंख्याच्या घरघरीत, लिफ्टमध्ये. दोन माणसं माझ्याविषयी बोलायची, एक मराठीत आणि एक गुजरातीत, आणि दोघांचं एका गोष्टीवर एकमत होतं: वरणात आहे.

मी वरण सोडलं. मग भात सोडला. मग नुसती केळी आणि पिशवीचं दूध, तेही पिशवी मी स्वतः फोडलेली असेल तर. आईने एकदा समोर बसून माझ्या ताटातला घास खाऊन दाखवला. "बघ. मेले का मी?" ती म्हणाली. मला वाटलं, हिने आधीच उतारा घेतलाय. मी ताट तिच्या अंगावर फेकलं. वरण गरम होतं.

भाऊ धावत आला. दोघांनी मला दांडिया बाजारातल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडे नेलं. मनोविकारांचे डॉक्टर, बाबांच्या ओळखीचे, आमच्यासारखेच पणजोबांच्या काळापासून बडोद्यात मुरलेले मराठी. आई त्यांच्याकडे जाताना डोक्यावरून पदर घेऊन गेली. दवाखान्याच्या पाटीवर काय लिहिलंय ते रस्त्यावरच्या लोकांना वाचता येत होतं, म्हणून. आमच्या घराण्यातली माणसं संस्थानात मोठ्या हुद्द्यांवर होती, हे ती सहसा विसरत नसे, आणि तशा घरातली मुलगी आपलं नाव पंख्यात ऐकते हे तिला कुठेच मांडता येण्यासारखं नव्हतं.

डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. आवाज एकदम गेले नाहीत. आधी शब्द पुसट झाले, मग नुसता सूर राहिला, शेजारच्या घरात रेडिओ चालू असावा तसा. एका सकाळी लक्षात आलं की रेडिओ बंद आहे. मी खूप रडले, कारण घर फार रिकामं वाटत होतं.

गोळ्यांनी बाकीचंही बरंच नेलं. जीभ जड झाली. उशीवर लाळेचे डाग पडायला लागले. चालताना हात हलायचे नाहीत, अंगाला चिकटवल्यासारखे राहायचे. प्रयोगशाळेत काचेच्या नळीतला थेंब मोजून सोडायचा तर बोटं ऐकायची नाहीत. वर्षभर घेतल्या आणि मग मी आईला सरळ सांगून टाकलं, "मी बरी झालेय. यापुढे घेणार नाही." आई ओरडली, रडली, देवासमोर बसली. एकदा तिने माझे गाल दाबून तोंड उघडायचा प्रयत्न केला आणि मी तिच्या बोटाला चावले. मग एके दिवशी ती शांत झाली. म्हणाली, "ठीक आहे. नको घेऊस."

मला वाटलं, मी जिंकले.

त्यानंतर काही आठवड्यांनी जेवताना मी तिची माफी मागितली. तिच्या कष्टांची मला लाज वाटत होती. मी म्हटलं, "आई, तू जेवणात काही घालतेस असं म्हणत होते मी. विसरून जा ते." ती वाढत होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "आजारात माणूस काहीही बोलतं," ती म्हणाली. "जेव. ताक पी."

त्या ताकात औषध होतं. म्हाताऱ्या डॉक्टरांनीच तिला पातळ औषध लिहून दिलं होतं. पाण्यासारखं दिसणारं, वास नसलेलं, किंचित कडवट. पण तो कडवटपणा ताकाच्या आंबटात आणि जिऱ्यामिठात बुडून जातो. कंपनीत असल्या बाटल्यांचे नमुने माझ्या टेबलावर तपासायला यायचे. माझ्या पेल्यातलं मला कधी कळलं नाही. कळलं ते फार वर्षांनी.

मधली वर्षं मी बरी होते. बरी म्हणजे काय, तर सकाळी बस, दुपारी कँटीन, संध्याकाळी घर, आणि रात्रीच्या जेवणाबरोबर ताक. झोप खूप यायची. हळूहळू अंग सुटलं. मनात काही जोराने उमटायचं नाही, राग नाही, हसू नाही. लोक म्हणायचे किती शांत स्वभाव आहे. मी स्वतःवर खूश होते. गोळ्या न घेता केवळ मनाच्या ताकदीने मी आजाराला हरवलं, असं मला वाटायचं, आणि ते मी कंपनीतल्या एकीला, जिच्या भावाला असाच त्रास होता, छाती पुढे काढून सांगितलंही होतं.

माझं ताट आईच वाढायची. पाहुणे असोत, सण असो, तिला बरं नसो, माझ्या पानाला दुसऱ्या कुणी हात लावलेला तिला खपत नसे. कंपनीने मला एकदा हैदराबादला महिनाभराच्या प्रशिक्षणाला निवडलं. तिकिटं आली आणि आईच्या छातीत दुखायला लागलं. सगळ्या तपासण्या झाल्या, काही निघालं नाही. माझ्या जागी दुसरी गेली. त्यानंतर मी कुठे जायचं ठरवलं की आईला काहीतरी व्हायचंच. बापडीला माझ्याशिवाय कोण आहे, असं मी लोकांना सांगायची.

मग माझी पाळी थांबली. पस्तिशी नुकतीच ओलांडली होती. आधी चुकली, मग लांबली, मग आलीच नाही. आणि एकदा आंघोळीनंतर पुसताना छातीतून पांढरा थेंब आला. मी दाबून पाहिलं. दूध होतं. मूल नाही, लग्न नाही आणि दूध. मी आईला दाखवलं. ती पाहत राहिली आणि म्हणाली, "झाक ते."

स्त्रीरोगतज्ज्ञाकडे तीच माझ्याबरोबर आली. डॉक्टर तरुण होती, गुजराती, मोकळी. रक्ताचा रिपोर्ट बघून तिने विचारलं, "कोई दवा चालू छे?"

"नाही," मी म्हटलं.

"नीट आठवा. ऊंघनी, झोपेची? डिप्रेशननी? माथाना डॉक्टरनी कोई पण?"

"काही नाही. काही वर्षांपूर्वी गोळ्या घ्यायचे, सोडल्या."

ती आईकडे वळली. "मासी, तमने ख्याल छे?"

आई शेजारच्या खुर्चीवर पर्स मांडीवर धरून बसली होती. तिने पर्सची चेन उघडली, रुमाल काढला, कपाळ पुसलं. "ना रे बेन," ती म्हणाली. "आ तो माथुं दुखे तो पण गोळी नथी लेती." आणि डोकं दुखलं तरी गोळी न घेणाऱ्या माझ्या पाठीवरून कौतुकाने हात फिरवला.

डॉक्टरने मेंदूत गाठ आहे का ते बघायला सांगितलं. त्या बोगद्यासारख्या मशीनमध्ये ठोके ऐकत मी पडून होते आणि मनातल्या मनात आईला कसं सांगायचं याची तयारी करत होते. गाठ निघाली नाही. डॉक्टर म्हणाली, कधीकधी कारण सापडत नाही, दूध थांबायला गोळ्या देते. आईने त्या उष्ण पडतील म्हणून घेऊ दिल्या नाहीत. मलाही गोळ्या नकोच होत्या. मला वेळेआधीच म्हातारपण आलं, असं मी धरून चालले.

त्याच सुमाराला बसमध्ये एक गृहस्थ माझ्यासाठी जागा धरायला लागले. आमच्याच कंपनीत माल पाठवायच्या विभागात होते. गुजराती, विधुर, शाळेत जाणारी एक मुलगी. मोडकंतोडकं मराठी बोलायचे आणि चुकलं की स्वतःच हसायचे. गुजरातेत बाईच्या नावापुढे बेन लावतात, तसे तेही मला बेन लावूनच बोलवायचे. एक दिवस अटलादऱ्याच्या आसपास बस खड्ड्यात आदळली, त्यांनी मला सावरलं आणि नुसत्या नावाने हाक मारली. बेन गळून पडलं होतं. दोघांच्याही ते लक्षात आलं आणि पादरा येईपर्यंत आम्ही खिडकीबाहेर बघत राहिलो.

मी त्यांना सांगून टाकलं की मला मूल होणार नाही. ते म्हणाले, "दीकरी छे ने आपणी." आपली मुलगी आहे ना. असं कुणी माझ्याशी आधी बोललं नव्हतं, नंतरही नाही.

एका रविवारी ते आईला भेटायला घरी आले. आईने श्रीखंड केलं, चांदीच्या वाट्या काढल्या. जेवणं झाल्यावर मला म्हणाली, "खाली जाऊन लीलो चेवडो घेऊन ये, मुलीला देतील." मी चेवडा घेऊन वर आले तेव्हा ते दारात बूट घालत होते. वर बघितलं नाही. पिशवी घेतली, आईला नमस्कार केला आणि जिन्याने उतरून गेले, लिफ्ट तिथेच असून.

सोमवारी बसमध्ये ते पुढच्या सीटवर बसले होते. मी चढले तसं मान वळवून म्हणाले, "केम छो, बेन?"

मी म्हटलं, "मजामां."

मूल होणार नाही याचा त्यांनी घरी जाऊन विचार केला असेल, असं मला वाटलं. मी माझ्या पोटाला दोष दिला. आईने मला त्या रात्री जवळ घेतलं नाही, विचारलंही नाही. जेवताना फक्त म्हणाली, "बरं झालं, आत्ताच कळलं ते." आणि पेला पुढे सरकवला.

आई पडली ती सकाळी, स्वयंपाकघरात. मी बसला निघायच्या गडबडीत होते. भांडं पडल्याचा आवाज झाला, आत गेले तर ती ओट्याला टेकून जमिनीवर बसली होती आणि उजवा हात मांडीवरून खाली लोंबत होता. तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा उजवं अंग गेलेलं होतं आणि बोलणंही. डॉक्टर म्हणाले, शब्द आत आहेत, समजतंय सगळं, बाहेर काढता येत नाहीत. एकच अक्षर तिला काढता यायचं. "ता." ते ती दिवसभर काढायची. डाव्या हाताने स्वयंपाकघराकडे बोट दाखवायची आणि म्हणायची, "ता, ता."

दिवसा तिच्याकडे बघायला आम्ही एक बाई ठेवली होती. ती म्हणाली, "मासी ताक मागतात."

मी ताक केलं. जिरं, मीठ, जराशी साखर, आई करायची तसं. चमच्याने तिच्या ओठाला लावलं. तिने ओठ मिटले. डाव्या हाताने वाटी माझ्या तोंडाकडे ढकलली. मला हसू आलं. "तू पी गं. मी पिईन नंतर." तिने वाटी उडवली. चादर भिजली. दुसऱ्या दिवशी तेच. रोज तेच. वाटी माझ्याकडे, बोट स्वयंपाकघराकडे आणि ते एक अक्षर. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं, मी ते पुसायचे आणि बाईला सांगायचे, अर्धांगात माणसाला रडू फार येतं, डॉक्टरांनीच सांगितलंय.

मला मात्र बरं वाटत होतं. इतकं बरं की आईच्या पलंगापाशी बसून त्याची लाज वाटायची. पहाटे आपोआप जाग यायची. बोटं हलकी झाली होती. दूध थांबलं. कपडे सैल झाले. आणि एका दुपारी कंपनीतच पोटात ओळखीची कळ आली. मी न्हाणीघरात गेले, पाहिलं आणि भिंतीला टेकून हसत उभी राहिले. इतक्या वर्षांनी पाळी आली होती. आई पडली आणि मी पुन्हा बाई झाले. घरी येऊन मी पहिल्यांदा तिलाच सांगितलं, तिच्या कानाशी वाकून. तिने माझा दंड पकडला. डाव्या हातात तेवढी ताकद असेल असं वाटलं नव्हतं. "ता!" ती ओरडली. तिच्या चेहऱ्यावर भीती होती. मला तो हेवा वाटला.

त्यानंतर झोप कमी झाली, मग राहिलीच नाही. आवाज आले ते कुकरच्या वाफेतून. सूर ओळखीचा होता, एक मराठी, एक गुजराती. बऱ्याच वर्षांनी नातेवाईक घरी यावेत तसे ते आले आणि स्थिरावले. या वेळी ते वरणाविषयी बोलत नव्हते. ते म्हणत होते, ही ती नाही.

एकदा ऐकल्यावर मला दिसायलाच लागलं. आईचं तोंड असं वाकडं कधी नव्हतं. आई अशी कुणाकडे बघायची नाही. दवाखान्यात त्यांनी बाई बदलली होती, माझ्या आईच्या जागी ही दुसरीच माझ्या गळ्यात घातली होती आणि कामाची बाई त्यांना सामील होती. मी बाईला सांगितलं, उद्यापासून येऊ नका. कंपनीत जायचं बंद केलं. दार आतून लावलं, साखळीही घातली, आणि त्या पलंगासमोर खुर्ची टाकून बसले.

"माझी आई कुठेय?" मी विचारायची.

"ता," ती म्हणायची.

मी तिला खायला देणं थांबवलं. चोराला कोण जेवू घालतं? किती वेळ ते चाललं, मला सांगता येणार नाही. भाऊ एक सांगतो, शेजारीण दुसरं. पाणी मी दिलं होतं, एवढं आठवतं, कारण आवाजांनी पाण्याची परवानगी दिली होती. ती भिजलेल्या चादरीत पडून होती. आधी ती रडली, मग तिने बोट दाखवणं सोडलं, मग नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिला सगळं समजत होतं. मला काय होतंय, कशामुळे होतंय, काय दिल्याने थांबेल, हे त्या घरात फक्त तिला माहीत होतं, आणि तिच्याकडे एक अक्षर होतं.

कामाच्या बाईने भावाला फोन केला. तो विमानाने आला. शेजाऱ्यांच्या मदतीने साखळी तोडली. मी त्याला बघून म्हटलं, "बरं झालं आलास. आईला शोधायचंय." तो म्हणाला, "हो ताई, शोधू या." मला मिठी मारली. मिठीतच त्याने माझे हात मागे धरले आणि शेजाऱ्याने ते ओढणीने बांधले.

रुग्णालयात इंजेक्शनं दिली. तिथले दिवस मला ढगाळ आठवतात. आवाज पुन्हा पुसट झाले. ती बाई कोण होती हे मला एका सकाळी, चहाचा कप हातात असताना, कळलं. कप माझ्या हातून पडला नाही. मी तो संपवला, खाली ठेवला आणि मग ओरडायला लागले.

घरी आले तेव्हा भाऊ रजा घेऊन तिथेच राहिला होता. जेवणाच्या टेबलावर एक छोटी तपकिरी बाटली होती, तिच्याबरोबर सुई नसलेली पिचकारी, लहान मुलांना औषध पाजतात तसली. साबुदाण्याच्या डब्यामागे होती, तो म्हणाला. रुग्णालयात दाखवायला त्याने शोधून काढली होती.

"कुणाचं आहे?"

"तुझं."

"मला औषध नव्हतं चालू."

"होतं, ताई. रोज होतं. आई ताकातून द्यायची."

त्याने सगळं सांगितलं. टेबलाकडे बघत, बोटं मोडत. म्हातारे डॉक्टर गेल्यावरही आई जुनीच चिठ्ठी दाखवून दुकानातून बाटली आणायची. दुकानदाराला माहीत होतं. त्याला स्वतःला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

"आणखी कुणाला?" मी विचारलं.

त्याने पिचकारी उचलून पुन्हा खाली ठेवली. मी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाला, "तुझ्या बसमधल्या त्या माणसाला. आईने त्याला सांगितलं होतं. लग्नानंतर तुला औषध चोरून द्यायला लागेल, जमेल का, असं विचारलं. तो नाही म्हणाला."

माझी पाळी, माझं दूध, माझं पोट, त्या माणसाचा नकार, सगळं एका बाटलीत होतं आणि बाटलीविषयी फक्त मला माहीत नव्हतं. मी विचारलं, "आई पडली तेव्हा का नाही सांगितलंस?"

"दवाखान्याच्या धावपळीत सुचलं नाही. मग वाटलं, इतकी वर्षं झाली, आता कशाला लागत असेल. तू बरी दिसत होतीस. आणि सांगायचं कसं, ताई?" मग त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "सांगितलं असतं तर घेतलं असतंस?"

"नसतं," मी म्हणाले. विचारही करावा लागला नाही.

तरी मी आईच्या पलंगाशी गेले. मला जे जे ओरडायचं होतं ते ओरडले. डॉक्टरसमोर तू पर्समधून रुमाल काढलास, मी म्हटलं. माझ्या डोक्यात गाठ शोधत होते आणि तू बाहेर बाकावर बसून होतीस. मला मूल होऊ शकलं असतं. तो माणूस माझा झाला असता. मी तुझी माफी मागितली होती आई, आणि तू ताक पुढे केलंस. आई एकटक माझ्याकडे बघत होती. मग माझ्या लक्षात आलं की ती ऐकत नव्हती. ती माझे डोळे बघत होती, या डोळ्यातून त्या डोळ्यात, फळ आतून किडलंय का ते बघावं तशी. मी ताळ्यावर आलेय की नाही, एवढंच तिला बघायचं होतं. तेवढं बघून झाल्यावर तिने मान भिंतीकडे वळवली.

त्या दिवसापासून माझ्या हातचा घास तिने घेतला नाही. चमचा मी धरला की ओठ मिटायची. बाईने तीच वाटी, तोच चमचा घेतला की खायची.

मला नवी डॉक्टर मिळाली. तिने दुसरं औषध दिलं, ज्याने पाळी जात नाही. त्याने पाय वळवळतात. बसवत नाही, उभं राहवत नाही, सिनेमा बघताना मी थिएटरच्या मागच्या बाजूला येरझारा घालते. मी तिला विचारलं, "आईने केलं ते चूकच ना?" ती म्हणाली, "चूकच. न सांगता द्यायचं नसतं. मी लिहून दिलं नसतं." मला बरं वाटलं. मग चिठ्ठीवर लिहिता लिहिता ती म्हणाली, "औषध सोडलेले माझे बरेच पेशंट परत परत दाखल होतात. तुमची नोकरी टिकली." कुणीतरी नुसतं माझ्या बाजूने चिडावं, असं मला वाटत होतं. तसं कुणी भेटलं नाही.

"आणि मूल?" मी विचारलं.

तिने माझं वय पाहिलं आणि चष्मा काढून पुसला.

आईला बोलायला शिकवायला एक मुलगी येऊ लागली. चित्रांचे पत्ते दाखवायची आणि शब्द काढून घ्यायची. पाणी आलं. चहा आला. पाय आला. भावाचं नाव आलं, जरा तोतरं, पण आलं. भाऊ रडला. त्या दिवशी मी चहा घेऊन आत गेले, तेव्हा त्या मुलीने माझ्याकडे बोट दाखवून विचारलं, "और ये कौन हैं, मासी?"

आईने मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. ओठ जुळवले, थांबली, पुन्हा जुळवले.

"वेडी," ती म्हणाली. अगदी स्पष्ट. सगळ्या शब्दांत तो सर्वांत स्वच्छ आला.

मुलगी हसली. "प्यार से बोल रही हैं," ती म्हणाली. मराठीत आई मुलीला लाडाने वेडी म्हणते, हे तिला कुणीतरी सांगितलं असणार. भाऊ जमिनीकडे बघत होता. मी चहा ठेवला. माझी आई लाडाने कशी बोलायची ते मला माहीत आहे.

भावाची रजा संपत आली. तो म्हणाला, "तिला तुझ्यापाशी ठेवता येणार नाही, ताई." मी हो म्हटलं. विमानतळावर मी चाकाच्या खुर्चीमागून चालत गेले, आत सोडतात तिथपर्यंत. वाकून तिच्या पायांना हात लावला. तिने पाय ओढून घेतला, म्हणजे चांगला होता तो पाय. दुसरा माझ्या हातात राहिला.

आता मी गोत्रीत एकटी राहते. कंपनीने परत घेतलं, पण तपासणीच्या टेबलावर नाही. नोंदींच्या खोलीत बसवलं. रविवारी भावजय व्हिडिओ कॉल लावते आणि फोन आईसमोर धरते. मी बोलत राहते, सोसायटीत गरब्याचा मंडप घातलाय, शेजारणीने गाडी घेतली, असलं काहीतरी. ती ऐकते की नाही कळत नाही. मधेच ती मला तोडते आणि नवा शिकलेला शब्द बोलते.

"गोळी?"

"घेतली," मी म्हणते.

ती तशीच बघत राहते. मग मी तोंड उघडते, जीभ वर करते, बाजूला करते, गालांच्या आतलं दाखवते. फोन जवळ घेते, म्हणजे तिला नीट दिसेल. ती बराच वेळ बघते. तिला खरं वाटत नाही. भावजय म्हणते, चला, आईंच्या जेवणाची वेळ झाली, आणि फोन बंद करते.